न कापता, न फोडता

रविवार, ५ जानेवारी १९८६

ही डायरी कंपनीला वेल्डिंग रॉड पुरवणाऱ्या शेठने दिली. वर सोनेरी अक्षरांत त्याचं नाव आहे, माझं नाही, त्यामुळे कुणाच्या हाती लागलीच तर कानांवर हात ठेवायला मी मोकळा. लग्न ठरलं की माणसाने नोंदी ठेवाव्यात असं माझं मत आहे. आम्हा तपासनिसांत नोंद नाही म्हणजे ते घडलंच नाही.

तर नोंद. मी दत्ताराम, वय अठ्ठावीस, राहणार वाकोला. मरोळच्या इंडस्ट्रियल इस्टेटीत पंपाच्या कारखान्यात इन्स्पेक्शनला आहे. ओतीव नग आणि वेल्डिंगचे जोड माझ्या टेबलावरून पुढे जातात. नग न कापता, न फोडता त्याच्या पोटात काय खोट आहे ते सांगायचं, हे माझं काम. पाच वर्षांत खोटा नग माझ्या हातून सुटलेला नाही. सुपरवायझर चंद्रप्रकाश साहेब मला तोंडावर 'चिकट' म्हणतात, आणि मी ते कौतुक समजतो.

मुली चार पाहिल्या. प्रत्येकीत काही ना काही निघालं. पाचवी सुलक्षणा, मुलुंडची, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर. हिच्यात काहीच निघेना. फक्त डाव्या कोपराशी आठ आण्याएवढा फिकट डाग. तिचे वडील म्हणाले, लहानपणी इस्त्रीचा चटका बसला. मी म्हटलं, तुमच्यावर विश्वास आहेच, पण कोड नाही असा डॉक्टरांचा कागद मिळाला तर बरं. बाबांनी मला सगळ्यांसमोर कोपरखळी मारली, ती मी कामाचा भाग म्हणून सोसली. कागद आला. घाटकोपरच्या एका हॉस्पिटलातल्या त्वचेच्या डॉक्टर रत्नप्रभा यांची सही. 'भाजल्याचा जुना व्रण, कोड नव्हे.' मग आम्ही होकार कळवला. साखरपुडा १६ फेब्रुवारीला, लग्न मेमध्ये. सगळं कसं रीतसर.

गुरुवार, १६ जानेवारी

वाट लागली.

सकाळी मोरीत आंघोळ करताना एका अवयवाकडे लक्ष गेलं. आजवर त्याची नोंद माझ्या कुठल्याच रिपोर्टात नव्हती. लग्न ठरल्यामुळे असेल, जरा निरखून पाहिलं. तर कडेने बारीक बारीक दाणे. रांगेत. मोजले. बाविसापर्यंत आलो आणि आई बाहेरून ओरडली, "आंघोळ करतंस की गंगेत बुडी मारतंस?" पुढचे मोजायचे राहिले.

हे पूर्वी होते का? काय सांगणार? पूर्वी पाहिलंच नव्हतं. (डायरी कुणी वाचलीच तर भानगड नको, म्हणून या अवयवाला यापुढे 'नग' म्हणेन.)

दिवसभर डोक्यात एकच. गेल्या दिवाळीत बोनस मिळाल्यावर खंडूने मला शहरातल्या एका बदनाम गल्लीत नेलं होतं. खंडू म्हणजे आमच्या प्लेटिंगच्या लॅबमधला माझा दोस्त. "लग्नाआधी अनुभव घे रे," म्हणाला. वर गेलो. बाईंनी खुर्ची दिली, चहा दिला. मी तो बशीत ओतून प्यालो, आणि नंतर काय करायचं ते न कळून 'येतो हं' म्हणून जिना उतरलो. इतकंच. पण आता वाटतं, कप नीट धुतला होता का?

शनिवार, १८ जानेवारी

नाक्यावरच्या डॉक्टरकडे गेलो. सर्दीला आणि जुलाबाला एकाच बाटलीतलं गुलाबी औषध देणारा हा माणूस. चार हातांवरून टॉर्च मारला आणि म्हणाला, "मस दिसतायत. गुप्तरोगाचे. एक तुकडा कापून तपासायला पाठवू."

तुकडा कापून! आमच्याकडेही नग कापून तपासतात. शंभरांच्या बॅचमधला एक उचलायचा, करवतीखाली घालायचा, आणि त्याच्या जिवावर उरलेले नव्व्याण्णव पास करायचे. पद्धत चांगली आहे. पण माझ्याकडे बॅच नाही. एकच आहे.

मी पँट सावरली आणि विचार करून सांगतो म्हणून बाहेर पडलो.

गुरुवार, २३ जानेवारी

पाच दिवस नग सकाळ-संध्याकाळ लाल कार्बोलिक साबणाने घासतोय. तपासणीचा पहिला नियम, पृष्ठभाग स्वच्छ हवा. आग होते, पण स्वच्छ आहे.

घरी उजेड नाही आणि मोरीला दार नाही, नुसता पडदा. कारखान्यात मात्र काळा पडदा लावलेली तपासणीची खोली आहे, आत झगझगीत दिवा. जेवणाच्या सुट्टीत दहापटीचं भिंग घेऊन शिरलो. आज इथे लिहून ठेवतो, दहापटीच्या भिंगातून कुणीही स्वतःकडे पाहू नये.

पडद्यावर थाप पडली. खंडू.

"अरे, डबा सोडून आत काय करतोस?"

"नग बघतोय."

"कुठल्या बॅचचा?"

"जुना आहे. एकच."

"पास कर ना यार! भूक लागलीय."

खोलीतल्या शेल्फवर भेगा शोधायच्या रंगाचा डबा होता. लाल रंग लावायचा, पुसायचा, वर पांढरी भुकटी मारायची, की भेग असेल तिथून लाल रेघ वर येते. क्षणभर मोह झाला. पण डब्यावर ठळक लिहिलंय, त्वचेला लागू देऊ नये. मी नियम मोडत नाही.

बुधवार, २९ जानेवारी

घरी सांगितलं, साखरपुडा पुढे ढकला, कंपनीत ऑडिट आहे. बाबा गिरणीत तीस वर्षं मागावर होते. संपात गिरणी गेली, आता बँकेच्या दाराशी वॉचमन आहेत. माणूस दारातून आत आला की कशाला आलाय ते त्यांना कळतं. म्हणाले, "ऑडिट कंपनीचा आसा की तुझ्या लग्नाचा?"

आईचं वेगळंच. नुसती माझ्याकडे बघत राहिली, मी उठताना, मी बसताना. मी हल्ली जरा पाय फाकवून, जपूनच बसतो, साबणामुळे. रात्री जेवायला सुरणाची भाजी. कालही सुरणच होता. आणि माझ्या पाटावर तिने उशी ठेवली होती. का ते कळलं नाही. विचारलं तर म्हणाली, "खा रे गुमान. सुरण खाल्लंस काय पोट साफ रवता."

सोमवार, ३ फेब्रुवारी

शेवटी घाटकोपरला गेलो. त्वचेच्या डॉक्टरांपैकी मला एकच नाव ठाऊक होतं, सुलक्षणाच्या कागदावरचं. केसपेपर काढताना बाईने नाव विचारलं आणि माझ्या तोंडून निघालं, "चंद्रप्रकाश." तासाभराने आतून हाक आली, "चंद्रप्रकाश!" मी दचकून उभा राहिलो आणि साहेब कुठे आलेत म्हणून इकडेतिकडे पाहू लागलो. तिसऱ्या हाकेला माझी ट्यूब पेटली.

डॉक्टर रत्नप्रभा पन्नाशीच्या, चष्मा नाकाच्या टोकावर. आणि त्यांच्यामागे चार शिकाऊ डॉक्टर, वह्या घेऊन. मला पलंगावर झोपवलं. मी छताकडे बघून सगळं सांगितलं. चहासकट.

"कप धुतला नसेल तरी चहाने हे होत नाही," बाई म्हणाल्या. विद्यार्थ्यांकडे वळल्या. "तपासणीची पहिली पायरी काय? विचारणं. ती झाली. दुसरी, नुसत्या डोळ्याने, चांगल्या उजेडात. तिसरी, भिंग. कापाकापी सगळ्यांत शेवटी, आणि बहुतेक वेळा लागतच नाही."

मला तिथल्या तिथे त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. पण पडण्यासारखी अवस्था नव्हती.

मग चौथी पायरी. नर्सने एक बाटली आणली आणि खोलीभर वास सुटला. व्हिनेगर! स्वयंपाकातलं, पातळ केलेलं. त्यात भिजवलेली पट्टी पाच मिनिटं ठेवायची. विषाणूचे मस असले तर तेवढीच जागा पांढरी पडते. मी थक्क झालो. ही तर आमचीच पद्धत, नुसता रंग बदललेला! इतकी साधी, स्वस्त, अचूक गोष्ट आणि आमच्या नाक्यावरचा गाढव सुरी घेऊन बसलाय.

पाच मिनिटांनी पट्टी काढली. चौघे विद्यार्थी वाकले. एक म्हणाला, "मॅडम, सगळंच पांढरं."

बाईंनी भिंग लावलं आणि लगेच काढलं. "कशाने घासता?" मी साबणाचं नाव सांगितलं. "रोज?" दोनदा, म्हटलं. त्या म्हणाल्या, "सोललेली, खरचटलेली कातडीसुद्धा व्हिनेगरने पांढरी होते. आज मी काहीच सांगू शकत नाही. दोन आठवडे तिथे काही लावू नका. साधं पाणी. मग या."

बाकी त्या काय बोलल्या ते लक्षात नाही. कानात एकच शब्द राहिला, पांढरं.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

दोन आठवडे थांबणं म्हणजे शुद्ध वेळकाढूपणा. पद्धत मला कळलेली आहे. शेजारच्या सेसिलबाईंकडून वाटीभर व्हिनेगर आणलं, घरचं, ताडीचं. त्यांनी विचारलं, काय बनवताय? मी म्हटलं, प्रयोग. ते किती टक्के आहे कुणास ठाऊक, म्हणून खंडूच्या लॅबमध्ये नेलं. त्याने मोजून सांगितलं, "साडेचार टक्के. झकास माल आहे. कशाला रे?"

"लोणच्याला."

खंडूचे डोळे चमकले. हा चोरून लोणच्याचा धंदा काढतोय असं त्याला वाटलं. संध्याकाळी तो पाव किलो गाजरं घेऊन माझ्या टेबलाशी हजर. "पार्टनरशिप," म्हणाला. मी नाही म्हटलं तर तोंड फिरवून गेला.

रोज दुपारी पडद्यामागे तपासणी. आधी स्पिरिटने पुसतो, मग पट्टी, घड्याळ लावून पाच मिनिटं, मग भिंग. मंगळवारपासून आजपर्यंत चार वेळा केली. चारही वेळा पांढरं. मी तक्ता आखलाय. तक्ता खोटं बोलत नाही.

रविवार, १६ फेब्रुवारी

आज साखरपुडा असता. त्याऐवजी सुरण. आज त्यात आईने ताकही दिलं, आणि तिखट माझ्या ताटात वाढलंच नाही. मुलगा संकटात आहे हे आईला न सांगता कळतं म्हणतात, पण कळून सुरण का करते हे कोडं आहे.

काल कारखान्यात सुलक्षणाचा फोन आला होता. फोन साहेबांच्या टेबलावर, साहेब पेपर वाचल्यासारखे.

"ऑडिट संपलं?"

"नाही."

"तुम्ही काही लपवताय का?"

"हो. म्हणजे नाही."

"शेजारी कुणी आहे?"

"हो."

"दुसरं कुणी आहे?"

"हो ना, साहेब आहेत."

तिकडे फोन ठेवला गेला. आता वाटतं, तिचा शेवटचा प्रश्न वेगळा होता. मला ती मुलगी आवडते. हे कुठल्या रकान्यात लिहितात ते मला माहीत नाही, म्हणून इथेच लिहितो.

गुरुवार, २० फेब्रुवारी

घाटकोपर. चंद्रप्रकाश या नावाला आता मी पहिल्या हाकेत उठतो.

डॉक्टरांना तक्ता दाखवला. त्यांनी तो खालपासून वरपर्यंत वाचला, तारखा, वेळा, टक्केवारी, शेरा. मग चष्मा काढून डोळे पुसले. रडत नव्हत्या.

"मी काही लावू नका म्हटलं होतं ना?"

"मॅडम, मी लावलं नाही. मी तपासलं."

"अहो, रोज स्पिरिटने पुसून, वर व्हिनेगर लावून तुम्हीच कातडी भाजताय! आणि मग ती पांढरी का म्हणून मला विचारताय. शेतात रोज नांगर घालायचा आणि पेरलेलं उगवत का नाही म्हणायचं, असं झालं हे. आता तीन आठवडे. तपासणीसुद्धा नाही. भिंग आणलंय? द्या इकडे."

कारखान्याचं भिंग, नंबर घातलेलं, त्यांच्या ड्रॉवरमध्ये गेलं. साहेबांना काय सांगू?

निघताना म्हणाल्या, "पांढरं दिसलं की लोकांचा धीर सुटतो. मागे एक मुलगी आली होती. साधा भाजल्याचा डाग. नवऱ्याकडच्यांना कागद हवा होता म्हणे. मी तिला म्हटलं, डाग तुला नाही, त्यांच्या डोक्याला आहे." चारही विद्यार्थी हसले. मीही हसलो, सगळे हसत होते म्हणून. बसस्टॉपवर पोचेपर्यंत मला ती मुलगी कोण ते कळलं नव्हतं. कळल्यावर दोन बस सोडल्या.

सोमवार, १० मार्च

भयंकर दिवस.

बाबा ड्युटीवर गेल्यावर आईने मला समोर बसवलं. उशीवर.

"दत्तू, माका सगळा कळला हा."

"काय कळलं?"

"दीड म्हयनो मोरीत तास तास बसतंस. चालतंस कसो, बसतंस कसो, आई आंधळी नाय रे. लाज कसली? तुझ्या बापाशीक पण होता ता."

"बाबांना?"

"लगीन झाला तेवाच होता. माका कोणी आधी सांगूक नाय. मी आपला निभावून नेलंय."

बाबा! तीस वर्षं गिरणी, सरळमार्गी माणूस, कपाळाला रोज गंध. मी कसंबसं विचारलं, "आई, मग तुला... तुला तर नाही ना झालं?"

"माका? बायकांक बाळंतपणात थोडा होताच. तुझ्या टायमाक झाल्ला. सुरण खाऊन बरा झाला."

म्हणजे जन्मापासूनच! बिचाऱ्या त्या गल्लीतल्या बाईंच्या कपाला मी दोन महिने नाहक दोष देत होतो. हे घराणंच असलं. आणि या रोगावर सुरण चालतो हे डॉक्टरांना कसं ठाऊक नाही?

रात्री बाबांकडे नजर वर करून पाहता आलं नाही. ते म्हणाले, "काय झाला हेका?" आई म्हणाली, "तुमचोच झील तो."

सोमवार, १७ मार्च

निकाल लागला. क्रमाने लिहितो.

आधी डॉक्टरांनी नुसत्या डोळ्याने पाहिलं. मग भिंगातून, माझ्याच. मग पट्टी. पाच मिनिटं मी छतावरच्या पंख्याची पाती मोजली. तीनच होती, पुन्हा पुन्हा मोजली. पट्टी काढली. चार विद्यार्थी वाकले. एकमेकांकडे बघू लागले.

"सांगा ना," बाई त्यांना म्हणाल्या.

"मॅडम, कुठेच पांढरं नाही."

"आकार?"

"सगळे सारखे. टोकं गोल. सरळ रांगेत, एकमेकांपासून सुटे."

"मस असे शिस्तीत उभे राहतात का?" बाईंनी विचारलं. नाही, म्हणाले. मस कुठेही उगवतात, लहानमोठे, खडबडीत, फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे. "मग हे काय आहे?" मागच्या रांगेतला एक हळूच म्हणाला, "नॉर्मल."

"नॉर्मल," बाई मला म्हणाल्या. "रोग नाही, बनावट आहे. कित्येक पुरुषांना असते आणि त्यांना मरेपर्यंत कळत नाही, कारण ते भिंग घेऊन बसत नाहीत. आणि एक लक्षात ठेवा. व्हिनेगर नुसती साक्ष देतं, निवाडा नाही. निवाडा सगळं मिळून करायचा."

मी घरचा इतिहास सांगितला, बाबांचा, आईच्या बाळंतपणाचा, सुरणाचा. कायद्याने सांगायलाच हवा होता. बाई आधी गंभीरपणे ऐकत होत्या. सुरणाशी आल्यावर त्यांनी तोंडाला पदर लावला. "अहो, तुमच्या आईला वाटतंय तुम्हाला मूळव्याध झालीय!"

चारही विद्यार्थी भिंतीकडे तोंड करून उभे राहिले, त्यांचे खांदे हलत होते. मी मात्र बाबांची मनातल्या मनात माफी मागितली.

शेवटी म्हटलं, "मॅडम, एक कागद मिळेल? निर्दोष असल्याचा?"

"कुणाला दाखवायचाय?"

मी पँटचा पट्टा आवळत राहिलो. "मागितलाय का कुणी?" त्यांनी विचारलं. मी नकारार्थी मान हलवली. "मग घरी जा," म्हणाल्या. आणि केसपेपरवरच्या नावाकडे बोट दाखवून, "आणि या चंद्रप्रकाशना नमस्कार सांगा."

शनिवार, २२ मार्च

सुटल्यावर गेटबाहेर सुलक्षणा उभी. मुलुंडहून एकटी आली होती. नाक्यावरच्या उडप्याकडे बसलो. चहा आला तरी ती माझ्याकडेच बघत होती.

"नाव सांगा तिचं. रडणार नाही मी."

"कुणाचं?"

"जिच्यामुळे साखरपुडा पुढे गेला."

तेव्हा मी सांगितलं. सगळं. दाणे, टॉर्च, काळा पडदा, घाटकोपरच्या त्याच डॉक्टर, केसपेपरवरचं साहेबांचं नाव, सेसिलबाईंचं व्हिनेगर, खंडूची गाजरं, तक्ता, आई, सुरण, शेवटचा निकाल. आवाज खाली ठेवून सांगत होतो, पण ती इतकी हसली की गल्ल्यावरचा शेट्टी उठून बघू लागला. चहा तिच्या नाकात गेला. मला इतकं हलकं वाटलं की मीही हसलो.

मग तिने डोळे पुसले. "आणि खरंच निघालं असतं तर?"

"उपचार घेतले असते. तुला सांगितलं असतं. तू थांबली असतीस ना?"

"थांबले असते," ती म्हणाली. "आणि माझ्या कोपरावर कोड निघालं असतं तर?"

मी चहाच्या ग्लासकडे पाहिलं. खोटं बोलता आलं असतं. आलं नाही.

"मी त्या कागदासाठी गेले तेव्हाही चार मुलं होती तिथे," ती म्हणाली. "वह्या घेऊन. एकाने विचारलं, लग्नासाठी का? हो म्हटलं तर हसला. बाबा बाहेर बाकावर बसले होते, खाली मान घालून. तुम्ही निदान साहेबांचं नाव सांगू शकलात. मला तेही करता आलं नाही. कागद माझ्याच नावाचा हवा होता तुम्हाला."

मला वाटलं होतं, मी नुसता एक कागद मागितला. मी काय मागितलं होतं ते आज कळलं. मला माझी लाज वाटली, आणि ती पलंगावर छताकडे बघताना वाटली होती त्यापेक्षा जास्त होती.

"चुकलं माझं," म्हटलं.

"ते दिसतंय." तिने पर्स उचलली. "पाडवा झाला की आम्ही येऊ. बघायला."

"कुणाला?"

"मुलाला," म्हणाली आणि गेली.

रविवार, १३ एप्रिल

आले. सुलक्षणा, तिचे वडील आणि तिची आत्या वसुधा. बाबांना वाटलं साखरपुड्याची बोलणी. आईने पोहे केले. सुलक्षणा गोड हसून म्हणाली, "पोहे मुलाला आणू द्या ना."

मी ट्रे घेऊन आलो. बशा एकमेकींवर वाजत होत्या. बाबांच्या मिशीखाली काहीतरी हललं.

"शिक्षण? पगार? चष्मा लागतो? कुठलं व्यसन?" आत्या विचारत होती, सुलक्षणा ऐकत होती. मी 'नाही', 'हो', 'थोडासा' करत होतो. नजर कुठे ठेवावी कळेना.

"जरा चालून दाखवा," सुलक्षणा म्हणाली.

आई म्हणाली, "अगो, त्येका आता बरा आसा..." बाबांनी तिला हाताने थांबवलं.

मी चाललो. आमची खोली दारापासून मोरीपर्यंत नऊ पावलं आहे. त्यात जन्म गेला, पण ती इतकी लांब आहे हे माहीत नव्हतं. पाच माणसं पायांकडे बघत असली की पाय कसे टाकायचे तेच विसरायला होतं. वळताना पाहिलं, तिचे वडील माझ्याकडे बघत नव्हते. ते खाली, जमिनीकडे बघत होते. पाचांतला तो एक माणूस माझ्यावर दया करत होता, आणि नेमकं त्यालाच मी बाकावर बसवलं होतं.

परत येऊन उभा राहिलो. बस म्हणेपर्यंत बसलो नाही.

सुलक्षणा उठली. पदर सावरून आईला म्हणाली, "पोहे छान झालेत. आम्ही नंतर कळवतो."

हे वाक्य मी चार घरांत बोललोय. ऐकलं आज पहिल्यांदा.

बुधवार, २३ एप्रिल

कळवलं नाही.

शुक्रवार, २ मे

कळवलं नाही. खंडू म्हणाला, "फोन कर ना यार." नाही करणार. त्या चौघींनी कधी केला नव्हता. पहिल्या दोघींना तर आम्ही नंतर काही कळवलंच नाही, त्या अजून वाट बघत नसतील एवढीच आशा. जेवण जात नाही. आई आता सुरण करत नाही, तरी जात नाही.

सोमवार, ५ मे

अकराच्या सुमारास साहेबांनी हाक मारली. फोन.

"किती दिवस झाले?" पलीकडून.

"एकवीस. आज बाविसावा."

"मोजलेस?"

"रोज."

"मीपण मोजले होते," ती म्हणाली. "कागद तुमच्या घरी दिला त्या दिवसापासून तुमचा होकार येईपर्यंत. एकवीस. ड्युटीवर दर वेळी लाइन लागली की वाटायचं, मुलुंडहून बाबा असतील, नाही म्हणाले सांगायला."

साहेब पेपर खाली ठेवून उघड उघड बघत होते. बघू देत, म्हटलं.

"आहेस ना?" तिने विचारलं.

"आहे."

"लग्नाला अठ्ठावीस तारखेचा मुहूर्त आहे. चालेल?"

"चालेल," म्हटलं, आणि डोळ्यांत पाणी आलं ते पुसलं नाही.

फोन ठेवला. चंद्रप्रकाश साहेबांनी विचारलं, "कुणाचा रे?"

मी म्हटलं, "घरचा."